नवीन पिल्लू आलंय, मारायचं नाही, मग शिकवायचं कसं? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कुत्रेवाले इकडं या की)

वडगावची_वहिनी

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचून जाते, आज धागा काढायची वेळ आली.

आमच्याकडं पिल्लू आलंय. आणलं असं म्हणता येणार नाही, दीर चिकोडीहून येत होते तर रस्त्याकडेला उसाच्या फडाजवळ एकटंच कुईकुई करत बसलेलं, म्हणून पिशवीत घालून घेऊन आले. गावठी आहे, मादी. दवाखान्यात नेलं, दात बघून डॉक्टर म्हणाले दोन महिने होऊन गेलेत, जंताचं औषध झालं, पहिली लस झाली. नाव कांडी. आल्या दिवशीच मागाखाली पडलेली सुताची कांडी तोंडात धरून ती पुढं आणि आमची धाकटी मागं अशी वरात जिन्यापर्यंत गेली, तेव्हापासून तेच नाव पडलं. आमचे खाली पॉवरलूम आहेत, वर आम्ही, सासू-सासरे, दीर, दोन पोरं, आणि दिवसभर मागावरच्या माणसांची येजा.

आता अडचणी. शू कुठंही करते. गल्लीत नेऊन उभी केली तर नुसता वास घेत फिरते आणि वर आणून ठेवली की लगेच मोरीच्या बाहेर, म्हणजे आत नाही बरं का, बरोब्बर उंबऱ्याबाहेर करते. चावते, रागानं नाही खेळातच, पण पोरांचे हात बघवत नाहीत आणि माझ्या साडीच्या काठाला तर लोंबकळतेच. आणि तिसरी अडचण म्हणजे मामा, माझे सासरे. त्यांचं म्हणणं, शू केली की तिथंच नाक घासा, पेपरची गुंडाळी करून दोन लावा, सुतासारखी सरळ येते. मला मारायचं नाहीये. पण मारू नका म्हटलं की ते म्हणतात, मग काय करायचं ते तू सांग. आणि तिथं माझ्याकडं उत्तर नसतंय.

घर शाकाहारी आहे हो, चिकनचे तुकडे द्या असं कुणी सांगू नका.

खानापूरकर

वहिनी, आधी शूचं बघू, ते सुटलं की मामांचा अर्धा राग उतरतोय.

ती कुठं करते ते सोडा, कधी करुलालीय ते दोन दिवस नुसतं बघा. बहुतेक पिल्लांचं गणित ठरलेलं असतंय, झोपेतून उठली की लगेच, खाल्ल्यावर पाच मिनिटापासून अर्ध्या तासात, आणि दंगामस्ती करून थांबली की. या वयात तिला धरून ठेवायला जमत नाही. मोघम हिशेब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तितके तास फार तर. म्हणजे कांडीला तीन तास, तेही शांत झोपलेली असेल तर, जागी असली की तासाभरानं न्यायचीच. रात्री एकदा उठावं लागणार, त्याला इलाज नाही.

आता गल्लीत का करत नाही? कारण गल्लीत बघायलाच इतकं असतंय की शू करायची विसरते, वर आली, शांत झालं, की आठवतं. त्यामुळं नेल्यावर तिच्याशी बोलायचं नाही, खेळायचं नाही, एकाच जागेवर खांबासारखं उभं राहायचं. करायला लागली तरी गप्प, मध्येच कौतुक केलं की अर्धवट सोडून तुमच्याकडं पळत येते आणि उरलेली घरात करते. पूर्ण झालं की त्याच जागी, त्याच क्षणी 'शाब्बास' आणि खाऊ. वर येऊन डब्यातनं काढून दिला तर तिला वाटणार जिना चढल्याचा खाऊ मिळाला. खाऊ खिशात पाहिजे गा, डब्यात नको.

गुरांचा_दवाखाना

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, डॉक्टर नाही, पण रोज तेच बघतोय म्हणून मध्ये बोलतो. वहिनी, गल्लीत खाली सोडू नका अजून. पहिलीच लस झालीय. ही लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी परत, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. मधल्या काळात पार्वो या जीवघेण्या रोगाची भीती असते आणि पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, गल्लीतलं एखादं कुत्रं वरकरणी धडधाकट दिसलं म्हणून जागा चांगली होत नाही. आमच्याकडं पार्वोची पिल्लं येतात तेव्हा हगवणीत रक्त असतं, उलट्या असतात, आणि सगळी वाचत नाहीत.

गच्चीत किंवा परसात कोपरा करा, ट्रेमध्ये माती किंवा जुनं गोणपाट. गोणपाट धुताना एक बारका तुकडा तसाच न धुता ठेवा, वासावर तिला जागा कळते.

आणि रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की. विसरू नका.

वडगावची_वहिनी

परस आहे मागं, बरं झालं सांगितलं. फरशी मी फिनेलनं पुसते, तरी परत तिथंच करते, असं का?

खानापूरकर

फिनेलनं आपल्याला वास जातोय, तिला जात नाही. कोमट पाण्यात एन्झाइमवाली कपड्याची पावडर घालून पुसा, मग साध्या पाण्यानं. अमोनियावालं काही वापरू नका, त्याचा वास शूच्या जवळ जातोय, उलट बोलावणंच ते. आणि फिनेल पायाला लागतंय, ते पाय ती चाटते, म्हणून तसंही नकोच.

निपाणीचा_गडी

काय राव तुमी लोकं, कुत्र्याला खाऊ, कुत्र्याला शाब्बास. आमच्या मळ्यात चार कुत्री हायत, एकाला बी असलं काय केलेलं न्हाई. काठी नुसती उगारली की गपगार. कुत्र्याला मालक कोण ते कळाय पायजे, न्हाईतर ते डोक्यावर बसतंय. लांडग्याच्या कळपात बी एक म्होरक्या असतोय, बाकीचे त्याला दबून. मामांचं बरोबर हाय वहिनी.

सुभेदार_कॅम्प

निपाणीकर, तुमच्या मळ्यात मी आलेलो नाही पण एक विचारतो. संध्याकाळी भाकरी कोण टाकतं त्यांना?

निपाणीचा_गडी

मीच की. दुसरं कोण.

सुभेदार_कॅम्प

मग तुम्ही हाक मारल्यावर ती येतात ती काठीमुळं का भाकरीमुळं, हे एकदा काठी घरी ठेवून आणि एकदा भाकरी घरी ठेवून बघा.

म्होरक्याचं ऐकून ऐकून कान किटले. ती गोष्ट बंदिस्त जागेत, एकमेकांच्या नात्यातले नसलेले लांडगे कोंबून ठेवून केलेल्या निरीक्षणातून आली, १९४७ साली शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञानं केलेल्या. पुढं डेव्हिड मेक यांनी ती लोकप्रिय केली आणि त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथं मारामारी करून कोण म्होरक्या होत नाही. आणि कांडी लांडगा पण नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, कुत्र्यांचं काम माझं नव्हे, पण पोस्टिंगवर शेजारी डॉग हँडलर असायचे. वस्तू शोधून काढली की कुत्र्याला काय मिळायचं? चेंडू. एक साधा चेंडू आणि हँडलरबरोबर दोन मिनिटं खेचाखेची. एवढ्यासाठी ते कुत्रं उन्हात तासभर वास काढत फिरायचं. काठीच्या भीतीनं कुत्रं फार तर गप्प बसेल, शोधून देणार नाही.

नाक घासण्याबद्दल एवढंच सांगतो. शू झाल्यावर थोड्या वेळानं तिला पकडून नेऊन घासलं तर तिला शूचा आणि माराचा संबंध लागत नाही. तिला कळतं ते इतकंच की या माणसासमोर शू केली की तो अंगावर येतो. मग ती तुमच्यासमोर करायची बंद होते आणि कपाटामागं, मागाखाली जाऊन करते. परसात तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी करत नाही, कारण तुम्ही समोर आहात. झालं, सगळा बट्ट्याबोळ.

वडगावची_वहिनी

सुभेदार काका, अहो तेच झालंय! मी आधी लिहिलं नाही, दिरांनी एकदा नाक घासलं होतं, तेव्हापासून ते घरात असले की ती पलंगाखाली जाऊन करते. आम्हाला वाटलं लाजते.

निपाणीचा_गडी

बरं बरं. पण चेंडू वेगळा, मार न्हाई म्हंजे लाड नव्हं.

सुभेदार_कॅम्प

लाड करा असं कोण म्हणालं? नियम पाहिजेतच. शिस्त लावताना ओरडायची गरज नसते इतकंच.

अथणीकर_द्राक्षवाला

शाकाहारी खाऊबद्दल लिहितो. बेळगावात राहून रताळ्याचा प्रश्न पडायचं कारणच नाही, तालुक्याच्या पश्चिमेकडं पोत्यानं पिकतंय. रताळं उकडायचं, साल काढायची, थंड झालं की हरभऱ्याएवढे तुकडे, हरभऱ्याएवढेच, मोठे नकोत, पिल्लाला आकाराशी घेणं नसतंय, किती वेळा मिळालं याच्याशी असतंय. डब्यात घालून फ्रिजला. रोजच्या साध्या कामाला काकडी, गाजर, बिनमिठाचे चुरमुरे पण चालतात. अवघड कामाला पनीर ठेवा, म्हणजे परसात शू केली तर पनीर, बस म्हटल्यावर बसली तर चुरमुरा. सगळ्याला पनीर दिलं तर पनीराची किंमत राहत नाही.

आणि आमच्याच भागातली गोष्ट, म्हणून मुद्दाम सांगतो, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात नकोत. किडनीवर जातात, आणि कुठल्या कुत्र्याला किती सोसतील सांगता येत नाही. आमच्याकडं बेदाण्याच्या शेडवर कुत्री फिरत असतात, लोक हौसेनं मूठभर टाकतात. पूजेच्या ताटातला पंचखाद्य, शिऱ्यातले बेदाणे, लक्ष ठेवा. चॉकलेट नको, कांदा-लसूण नको, शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं ते तर विषच. कुंदा पण देऊ नका हो, विष नाही पण साखरच साखर आणि एकदा चटक लागली की रताळ्याला कोण विचारणार.

गुरांचा_दवाखाना

वरच्याला दुजोरा. खाऊ रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर जेवण सोडतात. सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लांचं सुकं खाणं देत असाल तर त्यातलंच मूठभर सकाळी बाजूला काढायचं, दिवसभर तेच खाऊ म्हणून. आणि वहिनी, नुसत्या दूध-भातावर किंवा दही-भातावर पिल्लू वाढत नाही. दुधानं कित्येकांना जुलाब होतात. शाकाहारीच ठेवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून पिल्लांसाठीचं तयार शाकाहारी खाणं निवडा, मनानं काही ठरवू नका.

वडगावची_वहिनी

रताळं हिट आहे!! उपवासाचं रताळं म्हणून सासूबाईंनी स्वतः उकडून दिलं, म्हणाल्या एकादशी तिची पण होऊ दे.

आता चावण्याचं सांगा.

कारवान_वाला

माझ्याकडं मुधोळकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे, तोंड लांब, दात सुईसारखे, त्यामुळं या विषयात मला बोलायचा अधिकार आहे :)

पिल्लू भावंडांत असतं तेव्हा जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ सोडून जातं, तिथं त्याला कळतं किती जोर चालतो. कांडी एकटी सापडली म्हणजे तिचा तो धडा अर्धा राहिला. (म्हणूनच आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी लोक महिन्याचं पिल्लू 'लवकर माया लागते' म्हणून आणतात.) तो धडा आता तुम्ही द्यायचा. दात लागला की हात झटकायचा नाही, झटकला की खेळणं पळतंय असं तिला वाटतं. हात एकदम मेल्यासारखा ढिला सोडायचा, तिनं सोडलं की उठून दुसरीकडं जायचं, थोडाच वेळ, अर्धं मिनिट. परत येऊन चावायचं खेळणं तिच्या तोंडात द्यायचं. ते चावलं की शाब्बास. प्रत्येक वेळी तेच, घरातल्या प्रत्येकानं तेच. एक जण खेळतोय चावाचावी आणि दुसरा उठून जातोय असं असेल तर महिना गेला तरी काही होत नाही.

जुना सुती टॉवेल ओला करून पीळ घालून गाठ मारा, फ्रीजरला ठेवा, दुधाचे दात पडायला लागले की हिरड्यांना बरं वाटतं. दात साधारण चौथ्या महिन्यात पडायला लागतात, सात महिन्यांपर्यंत नवे येतात, तोपर्यंत चप्पल कपाटात.

आणि ती दिवसात झोपते किती? पिल्लाला अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी पोरं शाळेतनं आली, मागावरची माणसं सुटली, सगळ्यांनी उचललं, खेळवलं, की साडेसात-आठला ती पिसाळल्यासारखी करते ना? ती दमलेली असते. शांत खोलीत ठेवा, झोपेल.

वडगावची_वहिनी

अगदी साडेसातच! टीव्हीवर मालिका लागली की हिचं सुरू.

गुरांचा_दवाखाना

एक गंभीर गोष्ट राहिली. पिल्लू रस्त्यावरचं, आईचा पत्ता नाही, रेबीजची लस झालेली नाही, आणि पोरांच्या हाताला दात लागून रक्त आलं असेल तर 'पिल्लूच आहे, काय होतंय' असं म्हणू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, हळद-चुना काही भरायचं नाही, आणि डॉक्टरांना पिल्लू कुठलं ते सांगून लस घ्यायची का विचारायचं. सरकारी दवाखान्यात मिळते. घाबरवत नाही, पण यात नशिबावर सोडायचं नसतं.

दुसरं, मागाचं. सूत गिळलं तर फार वाईट. दोरा पोटात एकीकडं अडकतो आणि आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, ओढला की आतडं कापतं. सरळ दवाखाना. मागाच्या खोलीला खाली फळी लावून घ्या.

वडगावची_वहिनी

पोरांना उद्या सकाळीच नेते. आणि फळी मामांनीच लावली आज, दोऱ्याचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाले आणि खिळे शोधायला गेले.

शहापूरची_मावशी

माझा प्रश्न इथंच विचारते. आमच्याकडं सगळे आपापल्या भाषेत सांगतात. मी 'बस', नातू 'सिट', कामाला येणारी बाई 'कूत्को', शेजारचे तर 'इल्ली बा' म्हणून बोलावतात आणि आला की ढोसतात. तो बिचारा सगळ्यांकडं बघून शेपटी हलवतो आणि काहीच करत नाही. कुठली भाषा ठेवायची?

खानापूरकर

मावशी, कुठली पण ठेवा, कुत्र्याला सीमाप्रश्न नाही :D एक ठरवा आणि ती कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. त्याहून सोपं म्हणजे हाताची खूण, ती कुत्री शब्दापेक्षा लवकर शिकतात. चिमटीत रताळं धरायचं, त्याच्या नाकापासून हळू वर आणि मागं न्यायचं, नाक वर गेलं की बूड आपोआप टेकतंय. टेकलं की त्याच क्षणी शाब्बास, खाऊ. काही वेळा झालं की रिकाम्या हातानं तीच खूण, खाऊ दुसऱ्या हातातनं. आणि सगळं नीट जमल्यावरच शब्द जोडायचा, खुणेच्या जरा आधी. बूड दाबून बसवायचं नाही, पिल्लाच्या कमरेला त्रास होतोय आणि तो शिकत पण नाही, नुसता उलटा जोर लावतोय.

आणि शेजाऱ्यांना सांगा, बोलावून ढोसलं की पुढच्या वेळी तो कुणाच्याच हाकेला येणार नाही.

कारवान_वाला

हे हाकेचं मी अधोरेखित करतो. हाक मारून कधीही रागवायचं नाही, हाक मारून नखं कापायची नाहीत, हाक मारून आंघोळ नाही. नको असलेलं काम असेल तर आपण उठून त्याच्याकडं जायचं.

कारवानात हे फार कळतं. लोक म्हणतात मुधोळचा कुत्रा मठ्ठ, शिकत नाही. तो नजरेवर शिकार धरणारा कुत्रा, माणसापासून लांब, स्वतःच्या डोक्यानं पळायला पिढ्यान् पिढ्या निवडलेला, त्याला प्रत्येक पावलाला मालकाकडं बघायची सवय कशी असेल? दोन फर्लांगावर मांजर हललं की त्याला हाक ऐकूच येत नाही. पण २०१६ ला याच मुधोळची पिल्लं लष्करानं ट्रेनिंगला मेरठला नेली, मठ्ठ असती तर नेली असती का. मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं यांच्यासाठी केंद्र पण आहे.

मी काय केलं तर ऊस निघालेल्या मोकळ्या रानात लांब दोरी लावून सोडायचो. दोरी ओढायची नाही, ती फक्त तो पळून जाऊ नये म्हणून. तो आपणहून माझ्याकडं बघायचा तेव्हा 'ये' म्हणायचं आणि मी उलट्या दिशेला पळायचं. पळणारी वस्तू दिसली की कारवान येणारच! आला की पनीर आणि लगेच परत सोडायचं, जा फिर. आलं की बांधून घरी, असं झालं की पुढच्या वेळी तो दहा फुटांवर थांबून तुमच्याकडं बघत बसतो, धरू देत नाही. कारवान मारानं तर पार बिघडतो, एकदा भ्याला की त्या माणसाजवळ परत महिनाभर येत नाही. वहिनी, गावठी पण तशीच चलाख असतात, त्यांना कमी समजू नका.

वडगावची_वहिनी

एक गंमत विचारायची राहिली. माग सुरू असले की एवढा खटखटाट, पण ही खाली फळीजवळ पसरून घोरते. म्हणजे फटाक्याला भिणार नाही ना? मागं शेजारच्या कुत्र्यानं शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत गच्चीवरनं उडी मारली होती म्हणून विचारते.

सुभेदार_कॅम्प

चांगली गोष्ट आहे पण त्यावर विसंबू नका. मागाचा आवाज एकसारखा असतो. सुतळी बॉम्ब एकदम येतो, कानाला तो वेगळाच. मोबाइलवर फटाक्यांचा, ढोल-ताशांचा आवाज लावा, इतका बारीक की तिचा कान फक्त हलेल, आणि ती जेवत असताना लावा. काही दिवसांनी किंचित वाढवायचा. तिनं खाणं थांबवलं तर आवाज जास्त झाला, कमी करा. गणपती यायच्या आधी सुरू करा, विसर्जनाच्या रात्री शिकवायला गेलात तर उपयोग नाही. आणि तिला झोपायला वरती शांत जागाही असू द्या, दिवसभर मागाशेजारी ठेवू नका, कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा फार तिखट.

अजून एक, ही वेळ परत येत नाही. साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे जे बघतं ते त्याला आपलंसं वाटतं, नंतर नवीन दिसलं की आधी संशय. लस पूर्ण व्हायची वाट बघत घरात कोंडलं तर तो काळ निघून जातो. खाली सोडायची नाही पण काखेत घेऊन न्या. खडेबाजारची गर्दी, हेल्मेटवाला, छत्रीवाला, डोक्यावर घोंगडं घेतलेला धनगर, बस, लहान पोरं, म्हशी. लांबून बघू दे, बघितलं की एक तुकडा रताळं. कुणाच्या अंगावर घालू नका.

वडगावची_वहिनी

आठवड्यानं अपडेट देते. पोरांची लस सुरू झाली. परसातली शू बऱ्यापैकी जमतेय, सकाळची चुकत नाही, दुपारची कधी कधी चुकते कारण दुपारी मी मागावर असते आणि घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. पलंगाखालची बंद झाली. चावणं साडेसातचं अजून आहे पण आता पोरं पळत नाहीत, पुतळा होऊन उभी राहतात, धाकटी तर डोळे पण मिटते.

नवीन अडचण मामा. हसू नका. मारणं गेलं, आता ते दिवसभर तिला देत सुटलेत. चहा घेताना खारीचा तुकडा, जेवताना भाकरी, पेपर वाचताना चुरमुरे. तिनं नुसतं बघितलं की दिलं. आता ती त्यांच्या ताटाशेजारी बसून भुंकते आणि भुंकली की ते 'गप गं' म्हणून अजून एक तुकडा देतात. मी काही बोलले तर म्हणतात, तुम्हीच म्हणालात खाऊ द्या.

खानापूरकर

हाहाहा. मामा मार सोडून एकदम दुसऱ्या टोकाला. पण वहिनी, ते पण शिकवुलालेत बरं का, भुंकल्यावर भाकरी, पक्कं शिकवुलालेत.

त्यांना बंद करा म्हणू नका, काम द्या. रताळ्याचा डबा त्यांच्याच ताब्यात द्या आणि सांगा की तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, बस तुम्हीच शिकवा. बूड टेकलं तरच तुकडा, चार पाय जमिनीवर आणि तोंड बंद असेल तरच. जेवणाच्या वेळी तिला चटईवर टॉवेलचं खेळणं देऊन बसवा, मामांच्या ताटातलं मात्र कुणीच कधीच नाही. सुरुवातीला ती आधीपेक्षा जास्त भुंकेल, कारण इतके दिवस चालणारी गोष्ट एकदम चालेना झाली, त्या तीन-चार दिवसांत एकदा जरी तुकडा पडला तर मग ती रात्रभर भुंकायला तयार.

शहापूरची_मावशी

आमच्या ह्यांना पण हे दाखवते.

निपाणीचा_गडी

एक इचारतो, कुणी हसायचं न्हाई. आमचा थोरला राजा सहा वर्साचा हाय. गड्याकडं बघून लई गुरगुरतोय, काठी घेतली की जास्तच. ह्या वयात त्याला हे खाऊबिऊ लागू पडतंय का?

सुभेदार_कॅम्प

पडतं. वयाचं काही नाही, वेळ जास्त लागतो. गडी काठी घेऊन येतो का रिकाम्या हातानं, तो यायच्या वेळी राजा बांधलेला असतो का मोकळा, आणि आतापर्यंत कुणाला दात लावलाय का, एवढं आधी सांगा. तोपर्यंत गड्याला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका, लांबूनच भाकरीचा तुकडा टाकून निघून जायला सांगा.

निपाणीचा_गडी

दात लावला न्हाई अजून. सकाळी बांधल्यालाच असतोय. साखळी आखूड हाय, ती बदलू का आधी?

सुभेदार_कॅम्प

बदला. आणि बांधायची जागा पण बदला, गड्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको.